कोरडं निघालं तर तेही सांगा

सनातू नापारी आमच्या कंपनीत आली तेव्हा तिच्याकडे तारा ओढायचं काम होतं. पश्चिम आफ्रिकेतलं आमचं मोठं शहर टमाले, तिथल्या पॉलिटेक्निकमधून विजेचं शिक्षण घेतलेली बाई, वय तिशीच्या आतबाहेर. कडक इस्त्रीचा शर्ट आणि डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. स्वतःची मोटारसायकल घेऊन ती साइटवर यायची आणि तारांचं भेंडोळं खांद्यावर टाकून उन्हात चालू लागायची. मी फुसेनी, रिग चालवतो. वीस वर्षं झाली, येंडी-गुशेगूच्या बाजूला जमिनीला भोकं पाडतोय. माझं पोट आधी तारावाल्यांच्या भरवशावर, मग नशिबाच्या.

आमच्याकडची जमीन हट्टी आहे. दहा बोअर मारली आणि चारांना पाणी लागलं तर ड्रिलर छाती काढून चालतो. म्हणून मारायच्या आधी जमीन तपासायची. चार सळ्या ठोकायच्या, त्यांना तारा जोडून बॅटरीचा करंट सोडायचा, यंत्रावर येईल तो आकडा वहीत लिहायचा. मग बाहेरच्या दोन सळ्या आणखी लांब नेऊन पुन्हा तेच. सळ्या जितक्या लांब, तितकं खोलवरचं कळतं. शेवटी सगळे आकडे कॉम्प्युटरात भरायचे. त्यांची एक रेघ उमटते आणि तिच्यावरून प्रोग्राम सांगतो की खाली माती किती, मुरूम किती, फुटका खडक कुठे.

हा प्रोग्राम नायजेरियातल्या जोस गावच्या डॉक्टर दावू चोल्लोम यांनी लिहिला. आयुष्यभर भूगर्भ शिकवलं, निवृत्त झाल्यावर हा प्रोग्राम केला आणि फुकट वाटला. त्याला नाव काहीतरी लांबलचक आहे, पण सगळे त्याला चोल्लोमच म्हणतात. ‘चोल्लोमवर टाकलंस का?’ असं विचारायचं. आमच्यापासून पार मलावीपर्यंत जिथे जिथे लोक पाण्यासाठी जमीन तपासतात, तिथे तो चालतो. डॉक्टरांनी वापरणाऱ्यांसाठी इंटरनेटवर एक जागाही करून दिली होती. अडलं तर तिथे विचारायचं आणि माहीत असलेल्याने सांगायचं. मी त्या जागेला चावडी म्हणतो.

चोल्लोम काही देव नाही. ओली चिकणमाती आणि पाण्याने भरलेली भेग, दोन्ही करंटला सारखीच वाट देतात. दोन्हीकडे रेघ सारखीच खाली झुकते. मग जाणत्या माणसाला विचारावं लागतं, आणि तिथेच चावडीची खरी गंमत होती.

सनातूने तारा ओढता ओढता वही लिहायचं काम मागून घेतलं, मग कॉम्प्युटरचं. पहिल्याच महिन्यात तिने चावडीवर विचारलं की माझी रेघ मध्येच तुटते, का? एकाने लिहिलं, मॅन्युअल वाचा. दुसऱ्याने लिहिलं, बाई, आधी शाळेत जा. त्याखाली आठ जणांनी हसण्याची चित्रं टाकली. बाकी कोणी काही बोललं नाही.

तिने दोन आठवडे डोकं खाजवलं. मग तिला सापडलं की आतल्या सळीला तार जोडणारा चिमटा गंजलाय. तिने तो घासला आणि रेघ सरळ झाली. नंतर तिने चावडीवर परत जाऊन आपल्याच प्रश्नाखाली लिहिलं, चिमटा गंजला होता, घासून पाहा. कोणी लक्ष दिलं नाही. पण जोसमध्ये बसलेल्या म्हाताऱ्याने ते वाचलं होतं.

दोनेक वर्षांनी डॉक्टरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. त्यांनी चावडीवर विचारलं, आता ही जागा कोण सांभाळेल? चौदाशे सभासद, पण एकाचाही हात वर नाही. सनातूने लिहिलं की मी पाहीन. संध्याकाळी फोन आला.

“मुली, तू ती गंजलेल्या चिमट्याची ना?” डॉक्टर म्हणाले. “स्वतःचं उत्तर शोधून परत येऊन लिहिणारी तू या चावडीवरची दुसरी. पहिला माझा जावई. त्याला मी दटावलं होतं.”

“डॉक्टर, मी करीन. पण मी बदल करणार.”

“कर. मोडलंस तरी चालेल. आत्ता तरी कुठे धड उभी आहे?”

तिने सुरुवात साधीच केली. नवीन माणसाने विचारलं की दोन दिवसांच्या आत त्याला उत्तर मिळायलाच हवं, मग ते ‘मला माहीत नाही, पण कळवते’ एवढंच का असेना. ‘मॅन्युअल वाचा’ म्हणायला बंदी. सांगायचंच असेल तर कितवं पान ते सांगा. वहीच्या पानाचे फोटो टाकायचे नाहीत, आकडे टाकायचे, कारण निम्म्या फोटोंत आकड्यांवर अंगठाच असायचा. फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या बुर्किना-नायजरवाल्यांना कोणी विचारत नव्हतं. तिने नियामीच्या एका शिक्षिकेला गळ घातली आणि त्यांचे प्रश्न इकडे, आपली उत्तरं तिकडे जाऊ लागली.

सलाम-दुआचं मात्र तिला कोडं पडलं. चावडीवर शंभरातले साठ निरोप जुम्म्याच्या शुभेच्छांचे, नाहीतर बारशाच्या फोटोंचे. कोणीतरी म्हणालं, हे सगळं बंद कर. ती मला म्हणाली, “फुसेनी, आपल्याकडे घरचे कसे, ऊन कसं, काम कसं हे विचारल्याशिवाय कोणी मुद्द्यावर येतं का? बंद केलं तर बोलणंच बंद होईल.” मग तिने बाजूला एक वेगळी खोली केली आणि तिला नाव दिलं अंगण. अंगणात काहीही बोला. गंमत म्हणजे अंगणात लोक इतके रमले की तिथूनच एकमेकांच्या अडचणी कळू लागल्या.

आता इंजिनियर क्वाबेना आसिएदू यांच्याबद्दल सांगायला हवं. कुमासीचे, तीस वर्षांचा अनुभव. चावडीवर त्यांची दोन हजारांवर उत्तरं. कोणी रेघ टाकली की यांचं उत्तर दीड ओळीचं: ‘तीन नंबरच्या जागी मारा. साठ मीटर.’ कारण देत नसत. ते बोलले की चर्चा संपली. लोक खाली लिहीत, आमेन इंजिनियर. माणूस वाईट नव्हता, फुकट वेळ देत होता. पण तो सांगतो तिथे पाणी लागतं का, हे कोणी पाहिलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं.

ते साकपेलीत कळलं.

साकपेली गुशेगूच्या पलीकडे. हरमटानचे, कोरड्या वाळवंटी वाऱ्याचे दिवस होते, धुळीने आभाळ दुधाळ झालं होतं. गावाच्या तळ्यात गुरांच्या पायाखालचा चिखल तेवढा उरला होता. सनातूने चार जागा तपासल्या. रेघा चांगल्या झुकलेल्या, पण चिकणमाती की पाणी, याची तिला खात्री वाटेना. तिने चावडीवर टाकलं. आसिएदूंचं उत्तर आलं, तीन नंबर, सत्तर मीटर.

सकाळी मी रिग उभी केली. बायका डोक्यावर रिकामी घमेली घेऊन आल्या आणि ओळीने बसल्या. गावच्या नाआने, म्हणजे प्रमुखाने, जिवंत गिनी कोंबडी पाठवली. पन्नास मीटरला धूळ. साठला धूळ. सत्तरला राखाडी धूळ, वरून मीच पांढरा झालेला. मी पंचाहत्तरपर्यंत गेलो. ओलसुद्धा नाही.

अशा वेळी आम्ही ड्रिलर काय करतो ते सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. आम्ही म्हणतो, मशीनचा पार्ट गेलाय, आणून पुढच्या आठवड्यात येतो. आणि रिग आवरून निघतो. मी हे किती गावांत केलं ते मोजलेलं नाही. त्या दिवशीही मी तोंड उघडणारच होतो, तोवर सनातू रुमाल सारखा करून नाआच्या चटईसमोर जाऊन गुडघ्यांवर बसली होती.

तिने सांगितलं की इथे पाणी नाही. जागा मी निवडली होती, माझं चुकलं.

बायकांची म्होरकी उठली. तिला मागाझिया म्हणतात, साठीची, काटक.

“तू निदान सांगितलंस,” ती म्हणाली. “आधीचे दोघे म्हणाले, पार्ट आणायला जातो. अजून आणतायत.”

“आधीचे? इथे आधी बोअर मारलं होतं?”

मागाझिया नुसती चालू लागली. आम्ही मागे. कडुनिंबाखाली एक सपाट दगड होता. तिने तो पायाने सरकवला. खाली काळं भोक. सनातूने तिथून आमच्या ताज्या भोकापर्यंत पावलं मोजली. चाळीस. दुसरा दगड आणखी साठ पावलांवर. कोणी मारली, कधी, किती खोल, काही माहीत नाही. एक पांढरी पिकअप आली होती, एवढंच लोकांना आठवत होतं.

परतताना ती माझ्यासोबत ट्रकमध्ये बसली, मोटारसायकल मागे टाकली. वाटेत म्हणाली, “तीन माणसं एकाच जागी तीनदा फसली. पहिल्याने कुठे लिहून ठेवलं असतं तर आपण दोघं आज तिथे गेलोच नसतो.”

पुढचे चार दिवस तिने चावडीची जुनी पानं उलगडली. सहा वर्षांत तीन हजारांवर रेघा लोकांनी विचारल्या होत्या. बोअर मारल्यावर परत येऊन काय झालं ते सांगितलेले एकोणीस. एकोणीसच्या एकोणीस ठिकाणी पाणी. चावडीकडे पाहिलं तर साऱ्या आफ्रिकेत कोरडं बोअर कधी झालंच नव्हतं.

तिने साकपेलीचं सगळं लिहिलं. आकडे, रेघ, जागा, पंचाहत्तर मीटर धूळ, दोन जुनी भोकं, ती कुठे आहेत ते. वर आपलं नाव, त्याखाली जागा सुचवणाऱ्या आसिएदूंचं. आणि खाली नवा नियम: जो रेघ विचारेल त्याने बोअर मारल्यावर परत येऊन सांगायचं. लागलं तर सांगा. कोरडं निघालं तर तेही सांगा. जो सांगणार नाही, त्याचा पुढचा प्रश्न थांबेल.

नऊ दिवस चावडीवर चिटपाखरू नाही. दहाव्या दिवशी दुपारी आम्ही रस्त्याकडेला, वाक्ये म्हणतात तो चवळीचा भात खात बसलो होतो तेव्हा फोन वाजला. तिचा हात भाताने माखलेला, म्हणून तिने कोपराने फोन स्पीकरवर टाकला. आसिएदू होते.

“मॅडम, साकपेलीच्या खाली माझं नाव कशाला?”

“उत्तर तुमचं होतं, इंजिनियरसाहेब. बोअर माझं. माझं नाव तुमच्या वर आहे, पाहिलंत ना?”

“माझं गिऱ्हाईक उद्या हे वाचेल.”

“माझंही वाचेल.”

“हे बघ, पोरी. डॉक्टर आपले मेलेले रोगी दारावर टांगतो का?”

तिने घास गिळला. “टांगत नाही. पण पुढच्या डॉक्टरला सांगतो, की हे औषध देऊ नका, याने माणूस दगावला.”

ते म्हणाले की तीस वर्षांत माझ्याशी असं कोणी बोललेलं नाही, आणि फोन ठेवला.

मला वाटलं, आता हिच्या डोक्यात हवा जाईल. पण ती दोन दिवस विचारात होती. तिसऱ्या दिवशी तिने नियमात फरक केला. माणसाचं आणि कंपनीचं नाव नको, जागेचं हवं. ज्याला लाज वाटते त्याने तिला एकटीला कळवावं, ती फक्त जागा आणि आकडे मांडेल. मला म्हणाली, इंजिनियरसाहेबांचं अर्धं खरं होतं, तेवढं घेतलं. साकपेलीखालचं त्यांचं नावही तिने काढलं. आपलं ठेवलं.

तरी ते गेलेच. त्यांनी स्वतःचा वेगळा गट काढला आणि तीनशेवर माणसं त्यांच्यामागे गेली. चावडी ओस पडल्यासारखी झाली. अंगणातले फोटोसुद्धा कमी झाले.

त्यात आमचे मालक, अलहाजी सुलेमाना. त्यांच्या कानावर गेलं होतं की गावोगाव आमच्या कंपनीला कोरडी कंपनी म्हणतात. त्यांनी तिला ऑफिसात बोलावलं. मी दाराशी चाव्या द्यायला उभा होतो.

“सनातू,” ते म्हणाले, “कोसेची भजी तळणारी बाई, आज माझं तेल जळलंय, असं ओरडून विकते का?”

“नाही अलहाजी. पण कोसे वाईट निघालं तर माणूस थुंकून टाकतो. साकपेलीच्या बायकांनी काय थुंकायचं?”

अलहाजींनी टोपी हातात फिरवली. मग म्हणाले, तीन महिने. तीन महिन्यांत धंदा बसला तर साकपेलीचं ते पान काढायचं.

तीन महिने भरायच्या आत काराग्याच्या बाजूचं काम आलं. जायच्या आदल्या दिवशी सनातूने चावडी पाहिली. वा शहराकडच्या कोणा सल्लागाराने तिला एकटीला कळवलेली दोन कोरडी भोकं बरोबर त्याच शिवारात होती. आम्ही त्या बाजूला गेलोच नाही, ओढ्यापलीकडे तपासलं, आणि पहिल्याच बोअरला पाणी लागलं. अलहाजींनी कधी म्हटलं नाही की तुझं बरोबर होतं. पण त्या महिन्यापासून सकाळी चाव्या देताना ते विचारू लागले, चावडीवर काय आहे?

माझ्यावरही तिने काम लावलं. तोवर मी संध्याकाळी चहा पिता पिता आठवून लिहायचो की वीस मीटरपर्यंत मुरूम, मग खडक. आठवणीत खडक वर-खाली होतो. तिने माझ्यासमोर प्लास्टिकचे डबे ठेवले. दर तीन मीटरला चिमूटभर चुरा डब्यात, आणि तिथल्या तिथे वहीत. मी कुरकुरलो. म्हटलं, मी ड्रिलर आहे, वाणी नाही. ती म्हणाली, मग वाण्यापेक्षा नीट करून दाखव. आणि मी ते केलं, काय करणार.

लोकांना परत आणायचं कसं, हा खरा घाट होता. प्रश्न विचारून चाळीस दिवस झाले की ती निरोप पाठवायची. त्याने निम्मे हलायचे. उरलेल्यांना ती रविवारी दुपारी फोन करायची. रागावायचं नाही, घरचे कसे, पाऊस कसा, आणि मग, त्या बोअरचं काय झालं? कोणी कोरडं सांगितलं की दिवसभरात तीन जणांनी तरी त्याखाली काही कामाचं लिहायचं, असं तिने आधीच ठरवून ठेवलं होतं. हसायचं चित्र टाकणाऱ्याला ती थेट फोन करायची. पुन्हा कोणी टाकलं नाही.

पण बांध फोडला तो मलावीच्या एका बाईने. एनेलेस चिरवा, सलिमा जिल्ह्यातली सरकारी पाणी अधिकारी. तिने एका सकाळी सात कोरडी बोअर एकदम लिहिली, जागेसकट, आणि कोणी मागितलं नसताना आपल्या नावासकट. शेवटी लिहिलं होतं की अकरा वर्षं ही माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होती, आता ड्रॉवर बंद होईनासा झालाय. त्या आठवड्यात युगांडातून चार आली, बुर्किनातून नऊ. लोक जणू कोणीतरी आधी बोलायची वाट पाहत होते.

दुसऱ्या वर्षअखेर चारशे बारा बोअरांचा हिशेब लागला. त्यांतली एकशे सत्तर कोरडी. आणि ती शेजारी शेजारी मांडल्यावर, इतकी वर्षं कोणाला न दिसलेलं दिसू लागलं. आमच्यासारख्या जमिनीत रेघेचा झोल, म्हणजे ती खाली झुकते तो भाग, रुंद आणि सुबक असला, की दहातल्या आठ वेळा ती चिकणमातीच. पाणी असतं तिथे झोल लहान, ओबडधोबड, आणि बाजूला दहा पावलांवर तपासलं की बदलतो. सगळे आजवर सुबक झोलाच्या मागे धावत होते. आसिएदूही, सनातूही. हे पहिल्यांदा एनेलेसच्या लक्षात आलं. सनातूने आमच्या डब्यांतल्या चुऱ्याशी ताडून पाहिलं आणि ते खरं निघालं.

मग आम्ही साकपेलीला परत गेलो. अलहाजी म्हणाले, डिझेल मी देतो, पण एकच भोक. सनातूने चार दिवस दहा-दहा पावलांवर तपासत, गावाच्या मागच्या उतारावर एक वेडीवाकडी रेघ धरली. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे तिने पाहिलंही नसतं. अडतीस मीटरला चुरा ओला झाला. बेचाळीसला पाणी उसळून माझ्या बुटांवर आलं. नदी नाही, पण हातपंप दिवसभर चालेल एवढं. मागाझियाने ओंजळभर चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

“लोखंडाची चव आहे,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “हा बघा, मिळाला वाटतं पार्ट.”

सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो, पण कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

तिसऱ्या वर्षी चावडीवर ओपोकू नावाचा एक सभासद आला. दर वेळी आकडे पूर्ण, प्रश्न नेमका, भाषा नम्र. बोअर मारून झालं की आठवड्याच्या आत परत येऊन सांगायचा. पहिली तीन कोरडी सांगितली. सनातूने त्याला इतरांसारखीच उत्तरं दिली, चौथ्याला झोलाबद्दल समजावून सांगितलं, आणि चौथ्याला पाणी लागलं. तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं तो कोण आहे. तपासणीच्या जागांना सगळे एकपासून नंबर देतात. चावडीवरचा एकच जुना माणूस स्वतःच्या जागांना उलटे, शेवटापासून देत असे. तिने तेव्हा कोणालाही सांगितलं नाही, मलाही नाही.

त्याच वर्षी पावसाळ्याआधी चावडीवाल्यांनी टमालेत भेटायचं ठरवलं. सत्तर-ऐंशी माणसं आली. नियामीची शिक्षिका आली. एनेलेस तीन विमानं बदलून आली आणि सनातूच्या गळ्यात पडली. दाराशी टेबल मांडून सनातू नावं लिहून घेत होती, मी बाजूला पाण्याच्या पिशव्या वाटत होतो. रांगेत पांढऱ्या केसांचा, उंच, कडक शर्टातला एक माणूस उभा होता. हातात जुनी चामडी बॅग. टेबलाशी आला आणि थांबला.

“नाव?” सनातूने मान वर न करताच विचारलं. मग तिने वर पाहिलं.

तो म्हणाला, “ओपोकू.”

आवाज मी ओळखला. चवळीचा भात खाताना फोनवर ऐकलेला. सनातूने शांतपणे लिहिलं, ओपोकू, आणि बिल्ला त्याच्या हातात दिला. “बरं झालं आलात, ओपोकूसाहेब. तिसऱ्या रांगेत बसा, तिथे पंखा आहे.”

दुपारी झोलाच्या रेघांवर चर्चा चालली होती. कुमासीचा एक तरुण इंजिनियर म्हणाला, आसिएदूसाहेबांच्या पद्धतीने पाहिलं तर इथे मारायला हवं. तिसऱ्या रांगेतून तो माणूस उठला.

“आसिएदूच्या पद्धतीने मारू नका,” तो म्हणाला. “मी आसिएदू. त्या पद्धतीने मी एकोणतीस वेळा धूळ काढली आहे.”

हॉलमध्ये कुजबुज झाली. त्याने बिल्ला काढून खिशात ठेवला. “माझ्या गटात मला सगळे ‘बरोबर, साहेब’ म्हणत. बरोबर म्हटल्याने जमिनीला पाझर फुटत नाही. म्हणून मी नाव बदलून इथे शिकायला आलो. या बाईंना माहीत होतं असं दिसतंय.”

सनातू म्हणाली, “बसा साहेब, मुद्दा पुरा होऊ द्या.” आणि फळ्याकडे वळली. 

आता चावडीवर दोन हजारांच्या आसपास बोअरांची माहिती आहे. डॉक्टर चोल्लोम यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यांच्या एका विद्यार्थ्याने बोअरांची ती सगळी माहिती प्रोग्रामलाच जोडून दिली. रेघ टाकली की जवळपास कोणी काय मारलं ते बाजूला दिसतं. आमच्या भागात दहातली सहा लागतात. एनेलेस आणि सनातू आळीपाळीने एक-एक वर्ष जागा सांभाळतात. अलहाजींच्या दोन रिग झाल्या आणि नवीन ड्रिलरांना डबे कसे भरायचे ते मी शिकवतो.

त्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी सगळे पांगले, पण आसिएदू गेले नाहीत. चामड्याच्या बॅगेत त्यांच्या एकतीस वह्या होत्या, पहिली तर सनातू पाळण्यात होती तेव्हाची. आमच्या ऑफिसच्या व्हरांड्यात टेबल टाकून एनेलेस आकडे वाचून दाखवत होती आणि सनातू टाइप करत होती. साहेबांचं अक्षर साहेबांनाच लागत नव्हतं. मी रिग घेऊन गुशेगूला निघालो तेव्हा तिघांचं एका आकड्यावरून भांडण जुंपलं होतं. एनेलेस म्हणत होती सात, सनातू म्हणत होती एक, आणि इंजिनियर आसिएदू वही उन्हाकडे धरून, डोळे बारीक करून म्हणत होते, “थांबा गं बायांनो, मला आठवू द्या, त्या दिवशी कोरडं निघालं होतं का.”